पातेलं कोरडंच राहिलं

ही गोष्ट रात्रीची नाही. हे आधीच सांगतो, कारण असलं काही सांगायला लागलं की लोक पहिल्यांदा अंधाराचं विचारतात.

२४ एप्रिल २०२४. बुधवार. सकाळी पावणेअकरा ते दुपारी साधारण एक. इंदापूर तालुक्यातलं शेळगाव. बाहेर असं ऊन होतं की डोळे उघडवत नव्हते.

जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. ऐकीव काही नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी प्लंबर माणूस. अशी गोष्ट पसरली तर मला कोण कामाला बोलावणार? तरीपण सांगतोय.

माझं नाव रविराज. बारामतीत सोळा वर्षं नळकाम करतोय. रेश्मा माझी धाकटी बहीण, ती शेळगावात दिलीय. तिचा नवरा विशाल डाळिंब आणि ढोबळी मिरची करतो. घरात सासू बनाबाई आणि सासरे सावळाराम. त्यांना अख्खं गाव तात्या म्हणायचं.

तात्यांचं आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दांडगा माणूस. पाटाला पाणी आलं की तात्या बांधावर उभे. त्यांच्या पाळीत कुणी फावडं लावायची हिंमत केली नाही कधी.

त्या माणसाच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातनं दोनदा बारामतीला डायलिसिस. आणि डॉक्टरांनी बजावलेलं... दिवसाला पाऊण लिटर पाणी. चहा, आमटी, सगळं धरून. जास्त झालं तर छातीत पाणी भरेल आणि माणूस जाईल.

आता हे पाणी मोजून द्यायचं कुणी? विशाल दिवसभर रानात. बनाबाईंना नवऱ्याचं तोंड बघवायचं नाही, त्या उठून बाहेर जायच्या. राहिली रेश्मा.

तीच वाटीनं मोजून पाणी द्यायची. आणि तात्या तिलाच शिव्या घालायचे. कैदाशीण म्हणायचे. स्टीलचा रिकामा पेला खाटेच्या लोखंडावर आपटत बसायचे.

टण... टण... टण...

दिवसभर.

ते कूलरमधलं पाणी प्याले. बाथरूमच्या बादलीतलं प्याले. जानेवारीत त्यांच्याच खोलीतल्या बेसिनच्या नळाला तोंड लावून इतकं प्याले की चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं.

मग रेश्मानं मला फोन केला.

मी गेलो आणि त्या बेसिनचा नळ काढून पाइपाला डमी ठोकली, तोंडच बंद करून टाकलं. दहा मिनिटांचं काम. तात्या खाटेवर पडून बघत होते. पाय सुजून खांबासारखे झालेले. मी हत्यारं गोळा केली तेव्हा ते बोलले.

"पाव्हणं... पाणी तोडलंत व्हय?"

"तात्या, तुमच्याच भल्याचं हाय."

त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मग अहो-जाहो सोडूनच दिलं.

"माझं तोडलंस. बघतो आता, ह्या घरात कोण पोटभर पाणी पितंय त्ये."

नऊ मार्चला पहाटे तात्या गेले. घरीच, झोपेत. मी मातीला गेलो होतो. त्यानंतर दीड महिना शेळगावला जाणं झालं नाही.

एप्रिलमध्ये रेश्माचा फोन आला.

"दादा, किचनमधला सिंकचा नळ गळतोय. कितीबी आवळला तरी थांबत न्हाय. बदलून दे की."

साधं काम. मी नवीन नळ घेतला, कनेक्शन पाइप घेतला आणि बुधवारी गाडीवर टाकून निघालो.

बनाबाई ओसरीत चिंचा फोडत बसल्या होत्या. मी चपला काढल्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तवा तोडाय आलात. आता जोडाय आलात व्हय?"

मी पिशवी उचलली आणि आत गेलो. 

आत रेश्माला बघितलं आणि मला धक्काच बसला. पोरगी निम्मी झालेली. ओठ फुटून त्यावर रक्त सुकलेलं. डोळे आत.

"काय गं ही दशा? पाणीबिणी पीत न्हाईस का?"

"पिते की," ती म्हणाली. "तांब्याच्या तांब्या पिते. पण दादा... तहान भागतच न्हाय."

उन्हाळा आहे, मी म्हणालो. अंगात ताप असेल, दाखवून ये. खरंच मला तेवढंच वाटलं.

कामाला लागलो.

ओट्याखालचा अँगल कॉक, म्हणजे नळाला पाणी सोडणारी चावी, बंद केला. जुना नळ काढला. तो काढताना बोटांना काहीतरी चिकट लागलं. शेवाळ असेल म्हणून पुसून टाकलं. नव्या नळाच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली, नळ बसवला, खालून नट आवळला, कनेक्शन पाइप जोडला. पाणी सोडलं.

टप... टप...

जोडावर थेंब.

असं होतं कधीकधी. काढलं, टेप वाढवली, परत बसवलं.

टप... टप... टप...

वायसर बदलला. मग नवाच पाइप खराब निघाला म्हणून पिशवीतला दुसरा लावला. पान्यानं असा आवळला की अजून जरा जोर लावला असता तर नट फुटला असता.

टप...

सोळा वर्षांत एका जोडानं मला असं छळलं नव्हतं. मला घाम फुटला होता, डोकं तापलं होतं. रेश्माला म्हटलं, "एक पातेलं दे. खाली ठेवतो. किती गळतंय बघू."

तिनं पातेलं दिलं. मी ते जोडाच्या बरोबर खाली ठेवलं आणि चहा घेतला.

चहा पिताना आवाज येतच होता. थेंब पातेल्यात पडतोय... टप... टप... अगदी स्पष्ट. मी मोबाइलवर बघितलं, वीस मिनिटं झाली होती.

वाकून पातेलं ओढलं.

कोरडं होतं.

नुसतं रिकामं नाही... कोरडं. आतनं लख्ख. कुणीतरी चाटून ठेवावं तसं.

मी बोट फिरवलं. पाण्याचा टिपूससुद्धा नाही.

परत ठेवलं. या वेळी समोरच बसलो. जोडावर थेंब धरायचा, मोठा व्हायचा, सुटायचा. मला दिसत होतं. तो खाली यायचा... आणि आवाज व्हायचा.

पण आता नीट कान दिला तर आवाज टप असा नव्हता.

घटक्...

घटक्...

घोट गिळल्याचा.

मी रेश्माकडं बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. तिला ऐकू येत होतं. आजचं नव्हतं ते तिला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता थकवा होता.

"कदीपासनं?"

"दहाव्याच्या दुसऱ्या दिवसापासनं," ती म्हणाली. "ह्यांना सांगितलं. ते म्हणले, पाइपात हवा हाय."

मलाही तसंच म्हणायचं होतं. पाइपात हवा धरते, आवाज येतात. मी स्वतः शंभर गिऱ्हाइकांना हे सांगितलंय.

मी गच्चीवर गेलो. टाकीचा मेन वॉल्व्ह पूर्ण बंद केला. खात्री म्हणून न्हाणीघरातला नळ सोडून बघितला. दोन पिचकाऱ्या आल्या आणि बंद. घरात कुठंच पाणी नव्हतं आता.

किचनमध्ये आलो.

जोडावर थेंब होता.



त्या भिंतीच्या पलीकडं तात्यांची खोली. बंद होती, कडी घातलेली, मी येतानाच बघितलं होतं. तिथून आवाज आला.

टण...

मी थांबलो.

टण... टण...

"दादा, तू जा," रेश्मा म्हणाली. "नळ राहू दे तसाच. तू घरी जा."

"आणि तुला हितं ठेवून?"

मला राग आला होता. भीतीपेक्षा राग जास्त. मेलेला माणूस माझ्या बहिणीला सुकवून मारतोय, आणि तिनं काय केलं होतं? डॉक्टरनं सांगितलेलं पाळलं होतं. मी ठरवलं, हा पाइपच काढून टाकायचा. जोडच ठेवायचा नाही. बघू मग कुठनं गळतंय.

ओट्याखाली उताणा शिरलो. कनेक्शन पाइप दोन्हीकडून सोडला. आता वर नळ सुटा आणि खाली कॉक सुटा. मध्ये काही नाही. पाइप माझ्या हातात.

निवडणुकीचे दिवस होते. बाहेर रस्त्यावरनं प्रचाराची रिक्षा चालली होती, कर्ण्यावर गाणं लावून. ते गाणं...

अर्ध्या शब्दात तुटलं.

रिक्षा लांब गेली असं नाही. आवाजच गेला. पंख्याचाही गेला. पंखा फिरत होता, मला पात्यांची सावली फरशीवर दिसत होती, पण आवाज नव्हता. चिमण्या नाहीत. बनाबाईंचा चिंचा फोडायचा ठोका नाही.

ओट्याखालून मला रेश्माचे पाय दिसत होते. जोडवी, पैंजण, टाचा फुटलेल्या.

त्यांच्या शेजारी अजून दोन पाय होते.

सुजलेले. कातडी ताणून चकचकीत झालेली. नखं पिवळी. नडगीवर बोट दाबल्यासारखा एक खळगा... पडलेला आणि तसाच राहिलेला. धोतराचा काठ ओला, आणि त्यातून पाणी फरशीवर उतरत होतं.

ते पाणी फरशीवर पसरत नव्हतं.

"रेश्मा..." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तुझ्याजवळ कोण उभं हाय?"

"कोण न्हाय. का रं?"

डावा पाय उचलला. सावकाश. आणि रेश्माच्या पावलावर ठेवला.

"आई गं!"

तिचे पाय जागचे हलले नाहीत. रोवल्यासारखे. मग वर काहीतरी दाणकन आदळलं आणि पाण्याचा आवाज सुरू झाला. थेंबाचा नाही. पूर्ण सोडलेल्या नळाचा.

मी कसा बाहेर आलो आठवत नाही. कपाळ ओट्याच्या कडेला फुटलं, चार टाके पडले नंतर.

रेश्मा सिंकमध्ये वाकलेली होती. तोंड नळाखाली. दोन्ही हातांनी ओटा धरून वर यायला बघत होती आणि मान वर येत नव्हती. नळातून धो धो पाणी येत होतं. गढूळ, पाटाच्या पाण्यासारखं. त्या नळाला पाणी येणार कुठनं? पाइप माझ्या हातात होता!

ते तिच्या तोंडात जात होतं. तिचा गळा हलत होता. घटक्... घटक्... घटक्... ती पीत नव्हती. तिला कुणीतरी पाजत होतं.

मी तिच्या खांद्याला धरून ओढलं. हलली नाही. सोळा वर्षं लोखंडी पाइप उचलणारा माणूस मी, आणि पन्नास किलोची पोरगी मला हलत नव्हती. तिच्या मानेवर हात ठेवला तर... मानेवर आधीच कुणाचातरी हात होता. दिसत नव्हता. पण माझ्या हाताखाली तो गार, फुगलेला पंजा मला लागला. दाबला की आत जाणारा.

नळ फिरवून बघितला. चावी नुसती फिरत राहिली. पान्यानं नळावर घाव घातला. वाकला, तुटला नाही, पाणी थांबलं नाही.

रेश्माचे हात ओट्यावरून सुटले.

मग मी ओरडलो. काय ओरडलो ते मला चांगलं आठवतंय.

"तात्या! मी तोडलं पाणी! मी! हिनं न्हाय! तिला सोडा, मी तोडलं!"

खोली तशीच. पाणी तसंच.

आणि दारातून आवाज आला.

"अवं..."

बनाबाई उभ्या होत्या. हातात चिंचेचा गर तसाच. माझ्याकडं बघत नव्हत्या, रेश्माकडंही नाही. रेश्माच्या जरा उजव्या बाजूला, वर, उंच माणसाच्या तोंडाकडं बघावं तसं बघत होत्या.

"अवं, पुरं करा आता. ऐकलंय न्हवं त्यो काय म्हणतोय?"

पाणी थांबलं.

पंख्याचा आवाज आला. बाहेर रिक्षाचं गाणं पुढच्या गल्लीतून ऐकू आलं. रेश्मा माझ्या अंगावर पडली, आणि तिच्या नाकातोंडातून पाणी यायला लागलं.

सिंक कोरडं होतं. फरशी कोरडी होती. तिचे केससुद्धा कोरडे होते.

शेजारच्याची गाडी करून तिला इंदापूरला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, आत पाणी होतं. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, "कुठं बुडाल्या? विहिरीत का शेततळ्यात?"

मी शेततळ्यात म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

चार दिवसांनी तिला घरी सोडलं. शेळगावला नाही, बारामतीला माझ्याकडं. विशालला मी सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. तो म्हणाला, उन्हानं चक्कर येऊन सिंकमध्ये पडली असेल, तुमी घाबरलात. पण बायकोची अवस्था बघून त्यानं वाद घातला नाही. माझ्या घराजवळच खोली केली. आता तो रोज गाडीवर रानात जाऊन येतो. रेश्मा बरी आहे. ओठ भरले, अंगावर मांस आलं. तिची तहान आता भागते.

बनाबाईंनी मात्र घर सोडलं नाही. पोरानं हातापाया पडून बघितलं. त्या म्हणाल्या, "मी गेल्यावर ह्यांच्याजवळ कोण?"

इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या मार्चमध्ये तात्यांचं वर्षश्राद्ध आलं. विशाल म्हणाला, दादा, तुमी तरी या, रेश्मा येत न्हाय तर माहेरचं कुणीतरी दिसायला पाहिजे. मी नाही म्हणायला हवं होतं. गेलो. भर दुपार, घरात पंचवीस माणसं, जेवणावळ चाललेली. म्हटलं, काय होणार?

पंगत उठल्यावर बनाबाईंनी मला खुणेनं तात्यांच्या खोलीत बोलावलं. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. खाट होती. अंथरूण घातलेलं, चादर नीट ओढलेली.

"तुमाला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "पोराला सांगितलं न्हाय. गेले त्या दिवशी पहाटं ह्यांनी पाणी मागितलं. मीच दिलं. दोन तांबे. गटागटा प्याले. मग निजले... ते निजलेच."



"म्हणजे तात्या... तान्हेले न्हाय गेले?"

"तान्हेले? पोट भरून गेले. माझ्या हातचं पिऊन गेले." त्या हे अभिमानानं सांगत होत्या. डोळ्यात पाणी नव्हतं.

"मग मावशी... माझ्या बहिणीवर एवढा राग कशापायी?"

बनाबाईंनी खाटेकडं बघितलं. कुणाचंतरी ऐकून घ्यावं तशा जरा वेळ थांबल्या.

"रेश्मावर राग न्हाय आता," त्या म्हणाल्या. "तिला सोडलंय त्यांनी. तुमीच म्हणालात न्हवं, मी तोडलं म्हणून? ह्यांनी ऐकलं त्ये."

मी मागं सरकलो.

"रोज इचारत असतात. पाव्हणं मुक्कामाला कदी येणार."

असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि माझ्यापुढं धरला. काठोकाठ भरलेला. गढूळ.

"लांबनं आलाय. पाणी तरी घ्या."

मी चपलासुद्धा घातल्या नाहीत. अनवाणी गाडीवर बसलो ते थेट बारामती.

हे मी रेश्माला सांगितलेलं नाही. विशालला नाही. विशाल अधूनमधून म्हणतो, आई तुमची लई आठवण काढते, एकदा राहायला चला. मी कामाचं निमित्त सांगतो.

किती दिवस सांगणार, माहीत नाही.

परवा भिगवण रस्त्याला एका नवीन बंगल्यात काम होतं. गवंडी नव्हते, घरमालक नव्हता, मी एकटाच होतो. मागून कुणीतरी विचारलं, "पाव्हणं... पाणी पाहिजे का?"

मी वळून बघितलं नाही. हातातलं काम तसंच टाकून बाहेर आलो.

विचारणारा आवाज बाईचा नव्हता.